देव गेला तर मग "निरपेक्ष" मागे कसं काय उरतं?

सांजवेळ

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज विचारायचं धाडस करतेय. प्रश्न लांबलाय, सांभाळून घ्या.

गेले सात-आठ महिने मी अलीकडच्या युरोपियन तत्त्वज्ञानात देवाचं काय झालं हे वाचतेय. माझं यातलं फॉर्मल शिक्षण काहीच नाहीये. सुरुवात हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञापासून केली, आणि तिथे एवढं कळलं (किंवा कळलंय असं वाटलं) की प्लेटोपासून चालत आलेलं मेटाफिजिक्स, म्हणजे जे काही आहे त्याच्या मुळाशी काय हे शोधणारं तत्त्वज्ञान, देवाला सगळ्यात वरची एक वस्तू करून ठेवतं, सगळ्याचं पहिलं कारण, आणि हा देव आता चालत नाही. त्याच्या आधी कांटने १७८१ मध्येच सांगितलं होतं की देवाच्या नुसत्या कल्पनेवरून देव आहे असं सिद्ध होत नाही, मनातल्या शंभर नाण्यांत आणि खिशातल्या शंभर नाण्यांत कल्पना म्हणून काहीच फरक नसतो, फरक पडतो तो खिशाला. इथपर्यंत ठीक.

मग मारियों हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचायला घेतला. तो म्हणतो बरं झालं तो देव गेला, आता देवाला "असणं" या शब्दाच्याही बाहेर काढा. पुस्तकाचं नावच तसं आहे, असण्यावाचून देव. आणि मग मेयासू, तोही फ्रेंच. तो सरळ नास्तिक वाटतो पण म्हणतो की तत्त्वज्ञानाने निरपेक्ष (अॅबसोल्यूट, कशावरही अवलंबून नसलेलं) सोडून दिलं ही चूक झाली, ते परत मिळवायला पाहिजे. आता हे दोघंही सांगतात की आम्ही मेटाफिजिक्सच्या विरोधात आहोत, एक देव ठेवतो आणि निरपेक्ष नको म्हणतो, दुसरा निरपेक्ष ठेवतो आणि देव नको म्हणतो, आणि मी मध्येच उभी. मला तर आजवर वाटायचं की अॅबसोल्यूट म्हणजे देवाचंच जरा शहाणं केलेलं नाव. तसं नाहीये का? देव वजा केल्यावर निरपेक्ष म्हणून जे उरतं ते नेमकं काय? आणि ते माणसाच्या काही कामाचं आहे का? हा शेवटचा प्रश्न कदाचित तत्त्वज्ञानाचा नसेल, पण माझा तोच आहे.


पानगळ

छान विचारलंत. आधी हायडेगरचं थोडं सरळ करून घेऊ कारण बाकीचा गोंधळ तिथूनच येतो.

हायडेगर देव नाही असं म्हणत नाहीये. त्याचं म्हणणं मेटाफिजिक्सच्या घडणीबद्दल आहे. मेटाफिजिक्स एकाच दमात दोन प्रश्न विचारतं, जे जे काही आहे त्या सगळ्यात समान काय, हा एक आणि त्या सगळ्यात सर्वोच्च काय ज्याच्या आधारावर बाकीचं उभं आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न असण्याचा, दुसरा देवाचा, आणि हे दोन एकमेकांत असे गुंतलेत की एक ओढला की दुसरा येतोच. या गुंत्यालाच तो ऑन्टो-थिऑलॉजी म्हणतो. म्हणजे देव तत्त्वज्ञानात भक्तीच्या दाराने येत नाही, हिशोब पूर्ण व्हायला एक शेवटचा आकडा लागतो म्हणून येतो. १९५७ च्या एका छोट्या पुस्तकात त्याने लिहिलंय की या "स्वतःचंच कारण" असलेल्या देवापुढे माणूस प्रार्थना करू शकत नाही, त्याला काही वाहू शकत नाही, भारावून गुडघे टेकू शकत नाही, गाऊ नाचू शकत नाही. मला हे वाक्य त्याच्या सगळ्या लिखाणातलं सगळ्यात माणसासारखं वाटतं. आणि लगेच पुढे तो म्हणतो की असा देव सोडून देणारा विचार, देव-नसलेला विचार, कदाचित खऱ्या देवाच्या जास्त जवळ असेल. तेव्हा मारियोंचं दार हायडेगरनेच अर्धं उघडून ठेवलं होतं.

तसं हे दार त्याच्याही आधीचं आहे. फ्रेंच विचारवंत पास्कल गेला १६६२ मध्ये, आणि त्याच्या कोटाच्या अस्तरात शिवलेला एक कागद सापडला, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्रीचा. त्यावर त्याने लिहून ठेवलं होतं की हा अब्राहम, इसाक, याकोबचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नाही. आठ वर्षं तो कागद अंगावर बाळगला त्याने, कोट बदलला की काढून परत शिवायचा म्हणतात. तेव्हा "देव" हा एकच शब्द दोन वेगळ्या ठिकाणी वापरला जातोय हे साडेतीनशे वर्षं माहितीये. बादियू या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९८ मध्ये त्यात तिसरा घातला. धर्माचा देव, मेटाफिजिक्सचा देव आणि कवींचा देव. या तिसऱ्याबद्दल बोलताना त्याचा रोख हायडेगरवरच आहे, की हा निघून गेलेल्या देवतांची वाट बघत बसलेला विचार आहे आणि ही वाट बघणंसुद्धा सोडलं पाहिजे.

म्हणून तुम्ही "देव वजा" म्हणता तेव्हा आधी विचारा, यातला कुठला वजा.


चौथी_मिती

मेयासूबद्दल मी बोलतो, त्याचं आफ्टर फिनिट्यूड मी तीन वेळा वाचलंय आणि अजून पकड सोडत नाही. मूळ फ्रेंच २००६ चं, प्रस्तावना बादियूची.

सगळ्यात आधी तुमच्या मुख्य प्रश्नाचं त्याच्याच शब्दांतलं उत्तर, कारण त्याने ही फोड अगदी स्वच्छ केलीये. त्याच्या लेखी मेटाफिजिक्स म्हणजे असा कुठलाही विचार जो म्हणतो की अमुक एक गोष्ट असायलाच पाहिजे, ती नसणं शक्यच नाही. मग ती गोष्ट देव असो, आत्मा असो, की जड पदार्थ असो. आणि स्पेक्युलेटिव्ह म्हणजे असा कुठलाही विचार जो म्हणतो की निरपेक्षापर्यंत, म्हणजे आपल्या विचारावर अवलंबून नसलेल्या कशापर्यंत तरी, पोचता येतं. आता या दोन व्याख्या शेजारी ठेवून बघा. सगळं मेटाफिजिक्स स्पेक्युलेटिव्ह आहे पण उलटं खरं असायची गरज नाही. अनिवार्य अशी एकही वस्तू न मानता निरपेक्षाबद्दल बोलता येईल का, हा त्याचा सगळा डाव आहे. तुमचं "अॅबसोल्यूट म्हणजे देवाचं शहाणं नाव" हे समीकरण इथे सुटतं.

आता तो तिथे पोचतो कसा ते, कारण नुसता निष्कर्ष सांगितला तर हवेतलं वाटेल.

कांटनंतर बहुतेक सगळे एक गोष्ट धरून बसलेत की आपल्याला विचार आणि असणं यांची जोडीच फक्त मिळते, जोडीतलं एक वेगळं काढून बघता येत नाही. जगाबद्दल बोललं की ते "आपल्यासाठीचं जग" असतं. याला त्याने कोरिलेशनिझम म्हटलं, मराठीत सहसंबंधवाद म्हणू. मग तो विचारतो की विज्ञान सांगतं पृथ्वी साधारण साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी तयार झाली, तेव्हा बघणारं कोणीच नव्हतं, जीवच नव्हता, तर हे विधान कशाबद्दल आहे? सहसंबंधवादी म्हणणार की ते खरंय, "पण आपल्यासाठी". हे शेपूट लावलं की विधान सरळ अर्थाने खरं राहतच नाही. हा झाला त्रास. उत्तर अजून नाही.

उत्तर तिसऱ्या प्रकरणात येतं आणि ते देव आणि मरण यांच्याबद्दलच्या वादातूनच येतं. दोन माणसं भांडतायत. एक म्हणतो मेल्यावर देवाच्या भेटीला जातो, दुसरा म्हणतो मेल्यावर काहीच नाही. तिसरा येतो, अज्ञेयवादी, तो म्हणतो तुम्हा दोघांनाही हे कळायचा मार्ग नाही, जगाबाहेर काय ते आपल्याला कळत नसतं, तेव्हा दोन्ही शक्यता खुल्या. मग चौथा येतो, आयडिअॅलिस्ट. तो म्हणतो माझं नसणं मला कल्पताच येत नाही, कल्पायला गेलो की कल्पणारा मी आहेच, म्हणजे मी नसणं अशक्य. आता अज्ञेयवाद्याला याला उत्तर द्यायचंय. काय देणार? त्याला म्हणावं लागतं की बाबा, तुला कल्पता येवो न येवो, तू नसू शकतोस. तुझं मरण शक्य आहे आणि ती शक्यता तुझ्या विचारावर अवलंबून नाही. झालं! "विचारावर अवलंबून नाही" असं काहीतरी त्याने वापरलं. जो म्हणत होता की निरपेक्ष काही कळतच नाही त्याने स्वतःचा बचाव करायला निरपेक्षच हातात घेतलं. आणि ते काय आहे, तर कुठली वस्तू नाही, तर प्रत्येक गोष्ट वेगळी असू शकते, नसूही शकते, ही शक्यता. कुठलीच गोष्ट अनिवार्य नाही, एवढंच फक्त अनिवार्य. निसर्गाचे नियमसुद्धा यातून सुटत नाहीत.

मला पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. माझ्या मरणाची शक्यता ही माझ्या आवाक्यातली एकमेव निरपेक्ष गोष्ट. कोरडं नाहीये हो हे.

आणि एक राहिलं. त्याचा राग नास्तिकांवर किंवा आस्तिकांवर नाहीये, तो या मधल्या, अज्ञेयवाद्याच्या नम्रपणावर आहे. बुद्धीने निरपेक्षावरचा हक्क सोडला की ती जागा रिकामी होते, आणि मग कुठलीही श्रद्धा तिथे येऊन बसते, तिला "चूक" म्हणायचा अधिकारच बुद्धीकडे उरत नाही. कांटने १७८७ च्या आवृत्तीत स्वतःच म्हटलंय की श्रद्धेला जागा करून द्यायला मला ज्ञान बाजूला सारावं लागलं. मेयासू म्हणतो बघा, मेटाफिजिक्स मारलं आणि देव गेला असं वाटलं, प्रत्यक्षात देवाविरुद्ध बोलायची सोय गेली.


जिज्ञासू२

चौथी मिती, समजावलंत छान पण एक अडतंय. सगळे नियम कारणाशिवाय कधीही बदलू शकतात तर मग बदलत का नाहीत? दगड सोडला की खालीच पडतो, दर वेळेला. इतकी स्थिरता आहे याचा अर्थ काहीतरी धरून ठेवणारं आहे असाच होत नाही का?


चौथी_मिती

ही शंका त्याने स्वतःच घेतलीये. तुमच्या म्हणण्यात एक जुगाराचा हिशोब लपलाय. फासा हजार वेळा टाकला आणि हजार वेळा सहाच पडला तर आपण म्हणतो फासा भरीव आहे, काहीतरी गडबड आहे. पण हा हिशोब चालतो कारण फाशाच्या बाजू किती ते आधी माहिती असतं. शक्य असलेल्या सगळ्या जगांची अशी एकूण बेरीज आहे का? इथे तो कॅन्टर या गणितज्ञाकडे जातो. कॅन्टरने दाखवलं की कुठलाही संच घ्या, अगदी अनंत, त्याच्या उपसंचांचा संच त्याहून मोठा निघतो, मग त्याच्या उपसंचांचा आणखी मोठा, आणि "सगळ्यांचा मिळून एक" असा शेवटचा संच बनतच नाही. एकूणच नाही तर संभाव्यता कशाच्या तुलनेत काढणार? तेव्हा नियम स्थिर आहेत यावरून ते अनिवार्य आहेत असं निघत नाही.


जिज्ञासू२

हे बरोबर असेल तर संभाव्यता लागू होत नाही एवढंच ठरलं. स्थिरता का आहे हे तरी कुठे सांगितलं? धरून ठेवणारा हात नाही हे मान्य करायला मी तयार आहे पण मग दगड पडताना दर वेळी मला आश्चर्य वाटायला पाहिजे आणि ते घेऊन जगायचं कसं हे काही समजत नाही. असो, मूळ प्रश्नापासून लांब नेत नाही.


रिकामा_कागद

मी जरा वेगळ्या बाजूने येतो, शब्दाच्या. मारियोंची बाजू कोणीतरी घ्यायला पाहिजे, इथे मेयासूचंच पारडं जड होत चाललंय.

आपण सगळे "निरपेक्ष" लिहितोय. पुस्तकात हा शब्द सापेक्षच्या उलट येतो, कशावरही अवलंबून नसलेलं, कशाच्या तुलनेत नसलेलं. लॅटिन मूळसुद्धा तेच सांगतं, सुटं केलेलं, मोकळं. पण घरात बोलताना आपण हा शब्द असा वापरतच नाही. निरपेक्ष प्रेम म्हणतो, निरपेक्ष मदत म्हणतो, म्हणजे परत काही मिळावं ही अपेक्षा नसलेलं. माझ्या मते या दोन अर्थांमधे जे अंतर आहे तेच मेयासू आणि मारियों यांच्यातलं अंतर आहे. मेयासूला पहिल्या अर्थाचं निरपेक्ष हवंय. मारियों पहिल्या अर्थाचं टाकून देतो कारण त्याला त्यात मूर्तीचा वास येतो, त्याच्या भाषेत मूर्ती म्हणजे आपल्याच नजरेचा आरसा, आपली दृष्टी जिथवर पोचते तिथे ती थांबते आणि त्यालाच देव म्हणते. "सर्वोच्च वस्तू", "स्वतःचंच कारण" या अशा मूर्ती आहेत, विचारांच्या बनवलेल्या. असण्यावाचून देव या १९८२ च्या पुस्तकात तो म्हणतो की देवाचं पहिलं नाव "असणारा" हे नाहीच, प्रेम हे आहे, आणि प्रेम करायला आधी असावं लागतं ही आपली सवय आहे. म्हणजे दुसऱ्या अर्थाचं निरपेक्ष. देणारं.

आणि इथे खरी गंमत म्हणजे देण्याचा प्रश्न. देरिदा या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९१ मध्ये एक पुस्तक लिहिलं त्यात त्याने दाखवलं की खरी भेट जवळजवळ अशक्य आहे. मी तुम्हाला काही दिलं, तुम्हाला कळलं की हे दिलंय, की तुमच्यावर ओझं आलं, परत करायला पाहिजे, निदान आभार तरी. आणि मला कळलं की मी दिलं तरी मला मोबदला मिळाला, स्वतःचंच कौतुक. म्हणजे भेट ही भेट म्हणून ओळखली गेली की संपली, व्यवहार झाला. आपल्याकडे हे समजवायला पुस्तक लागत नाही, "देणं" या शब्दातच ते आहे. निसर्गाचं देणं म्हणतो तेव्हा भेट, आणि अमक्याचं देणं लागतो म्हणतो तेव्हा कर्ज. एकाच शब्दात भेट कर्ज होऊन बसलेली आहे.

१९९७ मध्ये अमेरिकेत व्हिलानोव्हा विद्यापीठात देरिदा आणि मारियों समोरासमोर बसून यावर बोलले होते. मारियोंचं म्हणणं असं की भेटीला व्यवहाराच्या खिडकीतून बघताय म्हणून अशक्य दिसते, देणारा घेणारा आणि वस्तू या तिघांपैकी एक काढून बघा. शत्रूला दिलं, तो परत करणारच नाही. निनावी दिलं, देणारा माहितीच नाही. वेळ दिला, शब्द दिला, तिथे वस्तूच नाही. आणि तरी देणं घडतं. मग तो आणखी मागे जातो, की जे जे आपल्याला दिसतं, भासतं, ते मुळात आपल्यापुढे दिलेलं म्हणूनच येतं. जर्मनमध्ये "आहे" म्हणायला "एस गिब्ट" म्हणतात, शब्दशः "ते देतं". हायडेगर इथे थांबला होता, मारियों तिथून पुढे गेला. काही गोष्टी तर इतक्या भरून येतात की आपल्या कल्पनांची भांडी पुरत नाहीत, एखादं चित्र, एखाद्याचा चेहरा, स्वतःचं शरीर दुखणं. त्याला तो सॅच्युरेटेड फिनॉमेनन म्हणतो.

यावर टीका आहे, ती लपवणार नाही. जानिको नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने १९९१ मध्येच लिहिलं की ही सगळी फ्रेंच तत्त्वज्ञ मंडळी, लेविनास, मारियों, आन्री, फिनॉमेनॉलॉजीच्या (अनुभवाचं वर्णन करणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या) नावाखाली थिऑलॉजी (देवाबद्दलचं शास्त्र) आत आणतायत, अनुभवाचं वर्णन करतो म्हणून सांगतात आणि जे अनुभवात नाही ते त्यात घालतात. या टीकेत दम आहे. मला मारियों आवडतो तरी असं वाटतं की "देणं घडतं" इथून "देणारा आहे" इथे जाताना पाय जरा घाईने पडतो. तो म्हणतो मी देणाऱ्याला कंसात ठेवतो, पण कंस वाचणाऱ्याला दिसतोच की.


सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून हेच वाचतेय पुन्हा पुन्हा. निरपेक्षच्या दोन अर्थांवरून मला माझाच प्रश्न कळला असं झालं. तेव्हा आता खरं काय ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीची मुलगी गेली. चार वर्षांची होती. आजार होता, आम्हाला उशिरा कळला. त्यानंतर लोक भेटायला यायचे, कोणी म्हणायचं देवाची इच्छा, आणि माझी बहीण शांतपणे ऐकून घ्यायची आणि ते गेल्यावर म्हणायची की अशी इच्छा असणाऱ्याचं तोंड मला बघायचं नाही. आणि दुसरे, समजूतदार, म्हणायचे यात अर्थ शोधू नका, पेशी आहेत, चुकतात. तेही तिला चालायचं नाही, ती म्हणायची मग तिचं झालं ते झालंच? पुसलं गेलं? मी दोन्हीकडे मान हलवायचे. मी वाचायला लागले ते यासाठी. म्हणून विचारलं की कामाचं आहे का.


चौथी_मिती

सांजवेळ, हे वाचून काय लिहावं सुचत नव्हतं, दोनदा लिहून पुसलं. पण तुमच्या बहिणीने जे म्हटलं ना, दोन्हीकडचं, ते अगदी तसंच्या तसं मेयासूच्या एका लेखाचा विषय आहे म्हणून सांगतोच. तो लेखही २००६ चा आहे, इंग्रजीत स्पेक्ट्रल डिलेमा या नावाने वाचायला मिळतो.

त्यात तो म्हणतो की काही मरणं अशी असतात ज्यांचा शोक पूर्ण होत नाही, अकाली, भयंकर, लहान मुलांची. ही मेलेली माणसं जिवंत माणसांना सोडत नाहीत. त्यांच्याबाबतीत न्याय्य वागायचं तर काय करणार? आस्तिक म्हणतो, त्यांच्यासाठी आशा धरायची तर देव हवा, नाहीतर त्यांच्यापुढे काहीच नाही. नास्तिक म्हणतो, हे सगळं होऊ देणारा देव मानायचा? त्याच्याजवळ त्या मुलाने कायमचं राहायचं? त्यापेक्षा काहीच नसलेलं बरं. आणि मेयासूचं म्हणणं की दोघंही दुसऱ्याबद्दल बरोबर आहेत. देव असला तरी निराशा, नसला तरी निराशा.

यातून तो जी वाट काढतो ती पहिल्यांदा वाचताना वेडेपणाची वाटते. देव नाही, पण अजून नाही. जर काहीच अनिवार्य नसेल तर देवाचं नसणंही अनिवार्य नाही. जड पदार्थातून जीव आला, जीवातून विचार आला, तो या दोन्हींना आधीच्यात न सामावणाऱ्या उड्या मानतो. पुढची उडी न्यायाची, जिच्यात मेलेल्यांना परत जगणं मिळेल, अशक्य नाही. येईलच असं नाही, कुठली योजना नाही, कोणी हमी देत नाही. पण त्यामुळे तो येणारा देव झालेल्या गोष्टींसाठी दोषीही नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. आशा आहे आणि तिचा मालक निर्दोष आहे. १९९७ च्या त्याच्या प्रबंधाचा विषयच हा होता, देवाचं नसणं. म्हणजे आधी ही आशा होती, निरपेक्षाची सगळी बांधणी नंतर आली.


पानगळ

सांजवेळ, तुमच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा.

चौथी मितीने मांडलं ते बरोबरच मांडलं पण माझं मन तिथे टिकत नाही. ज्या शक्यतेला कशाचंच कारण नाही, जी उद्या येईल किंवा कधीच येणार नाही किंवा येऊन परत जाईलही, तिच्यावर आशा ठेवायची म्हणजे कशावर? ज्या हायपर-केऑसमधून (काहीही कारणाशिवाय बदलू शकतं त्याला मेयासूचा शब्द) न्याय येऊ शकतो त्यातूनच याहून वाईटही येऊ शकतं, तेवढ्याच सहजपणे. हे तो नाकारूच शकत नाही.

मला अशा वेळी लेविनास आठवतो. लिथुआनियात त्याच्या आईवडिलांना, भावांना नाझींनी मारलं, तो स्वतः युद्धकैदी होता. १९८२ च्या त्याच्या एका निबंधाचं नावच निरुपयोगी दुःख असं आहे. तो म्हणतो की विसाव्या शतकानंतर दुःखाचं समर्थन करणारी सगळी गणितं, देवाची इच्छा, मोठ्या चांगल्यासाठी, शिक्षा, परीक्षा, संपली. आणि नुसती संपली नाहीत, दुसऱ्याच्या दुःखाचं समर्थन करणं हीच सगळ्या अनैतिकतेची सुरुवात आहे. तुमची बहीण त्या माणसांचं बोलणं ऐकून चिडली ती म्हणूनच, तिच्या मुलीच्या दुखण्याला कोणीतरी जागा नेमून देत होतं. लेविनास देव शब्द टाकत नाही. देकार्तने १६४१ मध्ये म्हटलं होतं की अनंताची कल्पना माझ्यात आहे पण ती माझ्यात मावत नाही. लेविनास त्यातलं न मावणं तेवढं घेतो आणि म्हणतो की ते आकाशात भेटत नाही, दुसऱ्याच्या चेहऱ्यात भेटतं, माझ्याकडे काहीतरी मागणाऱ्या. तुम्ही दोन वर्षं बहिणीशेजारी बसून मान हलवलीत असं लिहिलंत. तुम्हाला ते हतबल वाटतंय. लेविनास त्याला काही कमी समजला नसता.


रिकामा_कागद

एक छोटी गोष्ट. किर्केगार्ड या डॅनिश तत्त्वज्ञाने १८४७ मध्ये प्रेमाच्या कृतींवर लिहिलं त्यात मेलेल्या माणसाची आठवण ठेवण्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तो म्हणतो की प्रेम खरंच निस्वार्थ आहे का ते बघायचं असेल तर मेलेल्यावर कसं करता ते बघा. लहान बाळावरसुद्धा आईबाप पुढच्या आनंदाच्या आशेने प्रेम करू शकतात. मेलेलं माणूस मात्र काहीच परत देत नाही, ते हट्टही करत नाही, रडून बोलवतही नाही. देरिदाने जे अशक्य म्हटलं, परत न येणारं देणं, ते इथे होतंय असं मला वाटतं. निरपेक्ष दुसऱ्या अर्थाने, आणि यासाठी देव आहे की नाही याचा निकाल आधी लागावा लागत नाही.


चौथी_मिती

सुंदर आहे, पण एक म्हणू का, आणि हे भांडण म्हणून नाही. लेविनास आणि किर्केगार्ड दोघांचंही उत्तर आपल्याबद्दल आहे. आपण कसं प्रेम करावं, आपण कुणाशेजारी बसावं. मेयासूची तक्रार इथेच सुरू होते की मग त्या मुलीचं काय? आपलं प्रेम कितीही शुद्ध झालं तरी तिला पाचवं वर्ष मिळत नाही. तो म्हणतो न्याय मेलेल्यांनाही मिळाला पाहिजे, नाहीतर आपण फक्त जिवंतांच्या मनःशांतीला न्याय म्हणतोय. पानगळ, तुमची शंका खरी आहे, त्या केऑसमधून काहीही येऊ शकतं. पण "हे कधीच होणार नाही" असं ठामपणे म्हणायला कुणाला आधार नाही, एवढंच तो मिळवतो. ते थोडंसं आहे, कळतं मला.


सांजवेळ

काल रात्री बहिणीला हा सगळा धागा वाचून दाखवला. मध्ये मध्ये थांबून विचारत होती, हा कोण, तो कोण. किर्केगार्डच्या ठिकाणी रडली. लेविनासचं निरुपयोगी दुःख हे नाव तिने दोनदा म्हणून बघितलं, म्हणाली हेच नाव पाहिजे होतं, कोणीतरी सरळ म्हणायला पाहिजे होतं की याचा काहीही उपयोग नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ ती चौथी मितीच्या शेवटच्या पोस्टवर थांबली, पाचव्या वर्षाच्या वाक्यावर. म्हणाली, माझं बरं व्हावं म्हणून सगळे धडपडतायत, तिच्या बाजूने बोलणारा हा एकच. मग विचारलं की तो न्यायाचा देव आला तर ती चार वर्षांचीच असेल का. मला उत्तर देता आलं नाही. तो लेख आता आम्ही दोघी मिळून वाचणार आहोत, अडलं की इथे येऊन विचारीन.